पवळ्याची जात

"ही विकणार का?"

रिसॉर्टवाला आमच्या गोठ्यासमोर शेणामातीत गुडघे टेकून बसला होता. एका हाताने त्याने गोटीला कवेत धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर फोटो काढत होता. गोटी म्हणजे आमची चार महिन्यांची कालवड. एवढीशी. आईच्या कासेला तोंड लावायचं तरी मान वर ताणावी लागायची तिला. कपाळ पुढं आलेलं, पाय आखूड, चालायला लागली की गडगडत आल्यासारखी वाटायची, म्हणून पोरांनी तिला गोटी नाव ठेवलं होतं.

"माझ्याकडे येणारी मुलं वेडी होतील हिला बघून," तो म्हणाला. "मोठी झाल्यावरही एवढीच राहील ना?"

"ऱ्हाईल की," माझे मालक म्हणाले. "आमची जातच बारकी."

मामा, म्हणजे माझे सासरे धुळू येडगे, उंबऱ्यावर बसून दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इकायची न्हाय," एवढंच म्हणाले.

माणूस हसत उठला, गुडघे झटकले, आणि पुन्हा विचार करा म्हणून नंबर देऊन डोंगर उतरून गेला. तो बुधवार होता. शनिवारी आमच्या कुंभेरी धनगरवाड्यावर गुरं बघायला साहेब लोक येणार होते, आणि त्या शनिवारावर आमच्या आठ-दहा घरांच्या गुरांचं सगळं भवितव्य होतं. ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते चार दिवस मला काल घडल्यासारखे आठवतात.

मी मूळची घाटावरची, गडहिंग्लजच्या बाजूची. माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, दारात कायम खिलार बैलांची जोडी. वशिंड हाताला लागायला टाचा उंचावाव्या लागायच्या, अशी जनावरं. लग्न होऊन मी खाली कोकणच्या अंगाला ह्या वाड्यावर आले, तेव्हा पहिल्या संध्याकाळी गुरं घरी परतताना बघून मामांना विचारलं होतं, "वासरं आली, गाई मागं ऱ्हायल्या का?"

"पोरी, गाईच हायत त्या," मामा म्हणाले होते.

माझ्या कमरेच्या जरा वर येणाऱ्या गाई! मी पदर तोंडाला लावून हसले होते. ते हसू पुढच्या पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही. ज्या कड्यावर माझ्या तात्यांच्या बैलांनी पाय ठेवला नसता, तिथं ह्या गाई शेळीसारख्या चढून चरायच्या. सतत पडणाऱ्या पावसात खूर कुजायचे नाहीत. रानात एकटी गेलेली गाय संध्याकाळी वासरू मागं घेऊन यायची, तिला ना कुणी सोडवायला लागायचं ना काही. दूध थोडं, पण साय अशी की बोट उभं राहावं. आणि ह्या सगळ्यांत पवळ्या! आमचा वळू. पिकल्या रातांब्याच्या रंगाचा, लहान पण घडीव, जणू मोठा खिलार बैल कुणीतरी जसाच्या तसा आटवून ठेवला होता. आसपासच्या चार वाड्यांवर त्याची वासरं होती. मामा त्याला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "आमचं माणूस" म्हणायचे.

पण तालुक्याला मत वेगळं होतं. तिथं म्हणायचे, ही काही जात नाही, पोटाला न मिळाल्यामुळं खुरटलेली गुरं आहेत. असले वळू खच्ची करा आणि मोठ्या जातीचं रेत भरा. शेजारच्या वाड्यावर एकानं ऐकलं. त्याच्या गाईच्या पोटात वासरू एवढं वाढलं की ते अडलं, आणि गाय वासरू दोन्ही गेली. त्यानंतर आमच्याकडं येऊ लागल्या डॉक्टर मृदुला खानविलकर. सडपातळ बाई, पायात जुने बूट, गळ्यात टेप. दोन वर्षं त्या वाड्यावाड्यांवर फिरून आमची गुरं मोजत होत्या. त्यांनीच वर लिहून लिहून शनिवारची पाहणी आणली होती. ही स्वतंत्र जात ठरली तर आमचे वळू वाचणार होते. खुरटलेली ठरली, तर पवळ्यापासून सुरुवात होणार होती.

गुरुवारी डॉक्टरबाई तयारी बघायला आल्या. गोटीच्या जन्मापासून त्यांचं आमच्याकडं येणं झालं नव्हतं. मी कौतुकानं गोटीला उचलून त्यांच्यापुढं ठेवलं.

"बघा तरी, ह्या खेपेला किती बारकं झालंय!"

त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या. गोटीच्या कपाळावरून बोटं फिरवली, तोंड उघडून बघितलं, पुढच्या पायांचे गुडघे चाचपले. मग कान तिच्या नाकपुड्यांजवळ नेला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. गोटीच्या श्वासाला घरघर होती. आम्हाला ती सवयीची झाली होती.

"मामा," त्या म्हणाल्या, "ही लहान नाही. हिची वाढ चुकली आहे."

मालक म्हणाले, "आमची समदीच लहान न्हाईत का?"

"नाहीत ना तशी." त्यांनी मला गोठ्यातली दुसरी कालवड आणायला सांगितली, गोटीच्याच वयाची. दोघींना शेजारी उभं केलं. त्या मला म्हणाल्या, "येमुना, ही बघ. ही लहान आहे, पण हिचं सगळं मापात आहे. पाय, पाठ, डोकं, सगळं एकमेकाला शोभतं. मोठ्या गाईचा फोटो लांबून काढावा तशी. आता गोटी बघ. धड मोठ्या वासराचं, पाय मात्र अर्धेच. कपाळ फुगलेलं. खालचा जबडा पुढं आलाय. श्वास कोंडतो. हिला बुटकेपणाचा रोग आहे. जन्मजात."

"आन् खुरटलेलं म्हंजे?" मी विचारलं. "तालुक्याला म्हणत्यात ते?"

"ते तिसरंच. उपाशी वाढलेलं जनावर. त्याचं डोकं मोठं दिसतं, पोट सुटतं, केस राठ होतात, बरगड्या दिसतात. त्याला किंवा त्याच्या वासराला पोटभर घातलं की ते वाढतं. गोटीनं कितीही खाल्लं तरी ती वाढणार नाही. आणि तुमच्या गाईंनी कितीही खाल्लं तरी त्या ह्याहून मोठ्या होणार नाहीत, कारण त्यांचं मापच ते आहे."

आता मामांनी विचारलं, "कशानं हुतं ह्ये?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं. "आई आणि बाप दोघांच्याही अंगात दोष लपलेला असला तर होतं. त्यांच्यावर तो दिसत नाही. दोघांचा एकत्र आला की वासरावर दिसतो. हिचा बाप कोण?"

"पवळ्या," मामा म्हणाले.

"आणि आई?"

"जांभळी. पवळ्याच्याच बापाची."

जाताना डॉक्टरबाई दारात थबकल्या. "शनिवारी शितोळे साहेब येतायत. माणूस वाईट नाही, पण ही गुरं खुरटी आहेत हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. मी तुम्हाला काही लपवायला सांगणार नाही. मला विचारलं तर मी खरं सांगेन. बाकी गोठा तुमचा आहे."

संध्याकाळी धारा काढताना मालकांनी मामांपुढं विषय काढलाच. "आबा, रिसॉर्टवाल्याला फोन करतो. उद्या गोटी घेऊन जाऊ द्या त्याला. त्यो खूश, आपलीबी कटकट गेली. शनिवारी साहेबानं तिला बघितलं तर म्हणंल, बघा, ह्या समद्या असल्याच रोगट. एका वासरापायी समद्या वाड्याच्या गुरांवर बोळा फिरंल."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. मी मामांकडं बघितलं. ते जांभळीच्या मानेखालच्या पोळीला खाजवत उभे होते.

"त्यो तिला मोठी करणार, मग लोकांना सांगणार ही येडग्यांची जात," मामा म्हणाले. "लोक तसल्याच मागाय येणार. मग आपुन तसल्याच काढायच्या?"

मालकांनी फोन केला नाही, पण राग गेला नाही.

शुक्रवारी दुपारी माझे तात्या टेम्पो घेऊन आले. टेम्पोत होती तांबू. ती आमचीच गाय, पवळ्याची लेक. भावाच्या बाळाला दूध हवं म्हणून गाभण असतानाच आम्ही ती माहेरी दिली होती. तिकडं ती व्याली, आणि तिची कालवडही आता पहिल्या वेताला आली होती. दोघींना मीच बोलावून घेतलं होतं. टेम्पो डांबरी रस्त्यावर थांबला आणि दोघी चढण चढून आल्या. एवढ्या गोलमटोल की चालताना मांड्यांना मांड्या घासत होत्या.

"घे गं बायडे तुझी शेळी," तात्या धापा टाकत म्हणाले. "रोज उसाचं वाडं, सरकी पेंड. माझ्या बैलांच्या तोंडचं काढून हिला घातलं. रुंदीला वाढली, उंचीला बोटभर न्हाय!"

संध्याकाळी तात्या आणि मामा अंगणात बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा विचारत होते, "पावणं, तुमच्या खिलारात कधी वाकडंतिकडं वासरू जन्मतं का?"

"जन्मतं की. कवातरी."

"मग?"

"मग काय? गुपचूप पुरायचं. कोण सांगतंय? सांगितलं तर वळूचं नाव जातं."

"आन् खिलार खिलारच ऱ्हाती."

"तर! एका वासरानं जात बुडती व्हय?"

मामांनी कप रिकामा केला आणि उठून गोठ्याकडं गेले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं नाही. एवढंच दिसलं, की त्यांनी पवळ्याला स्वतः धुतलं, नारळाच्या काथ्यानं घासून घासून. मला वाटलं, उद्यासाठी सजवतायत.

शनिवारी सकाळी साहेब आले. शितोळे साहेब आणि त्यांचे दोन मदतनीस, आणि डॉक्टरबाई. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसंही जमली होती. शितोळे साहेब उंचेपुरे, पांढऱ्या मिश्यांचे. चढणीनं घामेजले होते, पण पाणीसुद्धा न मागता सरळ कामाला लागले. लाकडी मापानं उंची घेतली, टेपनं छाती मोजली, दात बघितले, कास बघितली. मदतनीस लिहून घेत होते. बऱ्याच वेळानं साहेब सरळ उभे राहिले.

"गुरं तब्येतीनं वाईट नाहीत," ते म्हणाले. "पण इथं आहे काय खायला? जांभ्यावरचं गवत. पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्लं तर कुठलंही जनावर एवढंच राहील."

मी पुढं झाले. "साहेब, ह्या दोघी बघा. ही आमचीच गाय, घाटावर वाडं खाऊन आलीय. आणि ही तिची लेक, तिकडंच जन्मली. तिनं इथलं गवत कधी तोंडात घेतलं नाही."

साहेबांनी तांबूच्या कालवडीचं माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. तात्या मधे बोललेच. "साहेब, मी खिलारवाला माणूस. ह्या शेळ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण हिला उपाशी म्हणाल तर मला शिवी दिल्यासारखं हाय."

साहेब पहिल्यांदा हसले. डॉक्टरबाईंनी त्यांच्या पिशवीतली मापं काढून पुढं ठेवली, वेगवेगळ्या वाड्यांवरची, आई-लेकींची. सगळी एकमेकांच्या जवळची. साहेबांनी चष्मा लावून ती वाचली, आणि मग ते पवळ्याजवळ गेले. वशिंडापासून शेपटीपर्यंत त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"काय घडलंय जनावर!" ते म्हणाले. "ह्याचा फोटो घ्या. नमुना म्हणून हाच लावू."

लोकांत कुजबुज झाली. मालकांनी माझ्याकडं बघितलं, त्यांचा चेहरा उजळला होता. गोटी परसात, गवताच्या गंजीमागं बांधलेली होती. एवढा वेळ तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आणखी थोडा वेळ, की साहेब चहा घेऊन डोंगर उतरणार होते.

मी मामांना शोधलं, तर ते जागेवर नव्हते. मग परसातून आले. पुढं मामा, मागं दाव्याला गोटी. आखूड पायांनी, घरघरत, गडगडत.

"आबा!" मालक दबक्या आवाजात म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. अंगणाच्या मधोमध येऊन त्यांनी तिच्या वयाची ती दुसरी कालवड सोडून आणायला सांगितली आणि दोघींना शेजारी उभं केलं.

"साहेब, हिचाबी फोटू घ्या."

शितोळे साहेब खाली बसले. एकदा गोटीकडं, एकदा दुसरीकडं बघत राहिले. गोटीचं तोंड उघडलं, गुडघे बघितले. मग डॉक्टरबाईंकडं बघून म्हणाले, "बुटकेपणा."

"हो," त्या म्हणाल्या.

"ही बारकी न्हवं साहेब," मामा म्हणाले. "ही आजारी हाय. बारकी ती, शेजारची. तुमाला आमच्या समद्या गाया असल्या वाटत व्हत्या. आता दोगी संगट बगा आन् मग लिवा."

साहेबांनी विचारलं, "हिचा बाप कुठला?"

"तुमी आता ज्याच्या पाटीवरनं हात फिरवला, त्यो."

मदतनिसाचा कॅमेरा पवळ्यावर रोखलेला होता, तो खाली आला.

"त्याच्या अंगात दोष हाय, त्याला ठावं न्हाय आन् मलाबी न्हवतं," मामा म्हणाले. "आता ठावं झालं. आजपास्नं ह्यो गायीत जाणार न्हाय. डॉक्टरबाई, खच्ची करायचा चिमटा गाडीत असंल तर आणा. माणसं जमल्याली हायत, धराय बरी."

मालक पुढं आले. "आबा, जरा इचार करा. चार वाड्यांचा वळू हाय त्यो."

"चार वाड्यांचा हाय म्हनूनच."

चिमटा आणायला कुणीतरी खाली पळालं. पवळ्याला आडवा पाडला तेव्हा त्याची वेसण मामांनीच धरली, दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. डोकं मांडीवर घेऊन बसले. त्याच्या कानात काय बोलत होते देव जाणे. डॉक्टरबाईंचं काम आटोपलं, पवळ्या अंग झाडून उभा राहिला, आणि मामाही उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते, पण मान ताठ होती. तशी ताठ मान मी त्यांची आधी कधी बघितली नव्हती आणि माझीही कधी तशी झाली नव्हती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

शितोळे साहेब म्हणाले, "तुम्ही ही दाखवली नसती तर मला कळलं नसतं, धुळूबाबा."

"तुमाला न्हाय, पर फुडं कुनाला तरी कळलं असतं. मग एक दोष झाकला म्हनून समदी जात खोटी ठरली असती."

साहेबांनी मदतनिसाला सांगितलं, "दोघींचा फोटो शेजारी शेजारी घ्या. पहिल्या पानावर." आणि त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं, आमच्या ओसरीवर बसून ताक प्यायले, दुसऱ्यांदाही मागून घेतलं.

जातीची नोंद व्हायला पुढं दोन वर्षं लागली, पण वळू खच्ची करायचं बोलणं त्या दिवशीच थांबलं. रिसॉर्टवाला पुन्हा एकदा आला. मामांनी त्याला गोटीचा श्वास ऐकवला, तेव्हा बिचारा खाली मान घालून गेला. गोटी दुसरा पावसाळा काढू शकली नाही. जांभळीला आम्ही पुन्हा गाभण राहू दिलं नाही, दारात तशीच सांभाळली. पवळ्यानं कितीतरी वर्षं आमची नाचणीची शेतं नांगरली.

पण गाईंना वळू तर पाहिजे, आणि तो पवळ्याच्या रक्ताचा चालणार नव्हता. मामा म्हणाले, "येमुना, तू जा. तुला आता माप कळतं." मी दोन डोंगर पलीकडं बमू लांबोरांच्या वाड्यावर गेले. त्यांच्याकडं काळा वळू होता. मी त्याचे पाय बघितले, कपाळ बघितलं, नाकपुड्यांशी कान लावून श्वास ऐकला, त्याच्या सगळ्या वासरांना उभं करून बघितलं. बमूबाबा विडी ओढत माझ्याकडं टक लावून होते. धनगराची सून अशी वळू पारखताना त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी.

"तुमच्याकडं दोष निघाला म्हणं," ते म्हणाले.

"निघाला. आमीच साहेबापुढं काढून दावला."

त्यांनी विडी दगडावर विझवली. मला वाटलं, आता नाही म्हणणार. दोष निघालेल्या घरात आपला वळू कोण देतो?

ते उठले आणि वळूचं दावं सोडून माझ्या हातात दिलं.

"ने. तुमच्या गायीत ऱ्हाऊ दे वरीसभर. ह्याच्यातबी काय असलं, तर तुमी मला खरं सांगणार. दुसरं कोन सांगंल?"

मी वळू घेऊन निघाले. तो उतरणीला माझ्यापुढं चालत होता. वाटेत गवत कापणाऱ्या बाया भेटल्या, लाकूडतोडे भेटले. कुणी विचारलं नाही, तरी प्रत्येकाला मी थांबून सांगितलं, "येडग्यांच्यात चाललाय."